आईचा हात भाजत नाही

१३ मे २०२४

ही वही डॉक्टर मॅडमच्या हुकमाने सुरू होत आहे. माझ्या मनाने मी लिहिलं नसतं. बी.ए. झाल्यापासून पेन हातात धरला तो किराण्याची यादी करायलाच. पण मॅडम म्हणाल्या, "दामिनी, तोंडाला काय लावलं, कुठं दुखलं, घरात काय वेगळं झालं, सगळं लिहायचं. दरवेळी वही सोबत आणायची. पेशंटपेक्षा वहीवर माझा जास्त विश्वास आहे."

तर लिहिते. दोन्ही गालांवर, कपाळावर, जबड्याखाली पुटकुळ्या. नुसत्या पुटकुळ्या नव्हे, आत गाठी. उशीवर गाल टेकवता येत नाही. हनुवटीच्या डाव्या बाजूला जी सगळ्यात मोठी गाठ आहे तिचं नाव मी सरपंच ठेवलं आहे, कारण ती पाच वर्षं हलेल असं वाटत नाही. मे महिन्यात सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, म्हणून मला हल्ली मे आवडतो. सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा, दोन बसमध्ये मला कोणी काही विचारलं नाही.

मॅडमने मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब पाहिली आणि सरळ टोपलीत टाकली. आठ महिने मी ती लावत होते. पहिल्या महिन्यात तोंड असं उजळलं की गावातल्या दोघींनी नाव विचारून घेतलं. मॅडम म्हणाल्या, त्या ट्यूबने कातडी पातळ होते, आणि बंद केली की आधी आणखी बिघडेल, घाबरायचं नाही. लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, घासायचं नाही, फोडायचं तर अजिबात नाही. दोन वेळा साधा सौम्य साबण, मऊ फडक्याने टिपायचं, उन्हाची क्रीम. एवढंच.

आई आत आली नाही. दवाखान्याच्या दारावर पाटी आहे: 'त्वचारोग, कुष्ठरोग व केसांचे विकार'. आईची शाळा चौथीपर्यंत. तिने ती पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि म्हणाली, "तू जाय आत. मी अठीच बाकड्यावर बसतो." मला बरंच वाटलं. अशा पाटीखाली गावच्या कुणी मला पाहिलं असतं तर माझ्या पुटकुळ्यांचं गावात काय काय झालं असतं!

२१ मे

ट्यूब सोडल्याला आठ दिवस. तोंड लालबुंद, आग आग. मॅडमने सांगितलं होतं म्हणून धीर आहे, पण आरशाला सांगितलं नव्हतं ना. आज खूप रडले.

शेजारच्या गल्लीत लग्न होतं. मी गेले नाही. आई गेली, कारण तिच्याशिवाय आमच्याकडे लंबी रोटी होत नाही. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायची. बाकीच्या बाया मडक्याजवळ हात नेताना तोंड वाकडं करतात. आई मात्र रोटी अशी उचलते की जणू दोरीवरचं लुगडं काढत आहे. आज तर म्हणे तिने मडक्यालाच हात टेकवून रोटी सरळ केली. बाया म्हणाल्या, "शकुबाईचा हात म्हंजे देवाचा हात. भाजतच नाही." बाबांनी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं.

संध्याकाळी आईच्या तळहाताच्या कडेला रुपयाएवढा फोड दिसला. मी विचारलं तर तिने उलट माझ्याकडेच पाहिलं. "कवा लागलं वं? मले समजलंच नाही." मग पदराने झाकून कणकेचं भांडं घासायला गेली. आई म्हणजे कामात स्वतःला विसरते. मी मात्र एका पुटकुळीसाठी दिवसभर खाट सोडत नाही.

११ जून

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. मॅडमने गोळ्या सुरू केल्या. कडक औषध आहे. जेवणानंतर, तेलातुपाचं खाऊन घ्यायची. ओठ सुकतील, डोळे सुकतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या गोळ्या चालू असताना आणि नंतरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळाला व्यंग येतं. लग्न झालेलं नाही म्हटलं तरी मॅडमने तपासणी करायला लावली. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग म्हणाल्या, "लग्नाचं बघत असतील तर आईलाही समजायला हवं. बोलव आत."

बाहेर बाकड्यावर आई नव्हती. नळावर पाणी प्यायला गेली होती. मी हाक मारली तर तिथूनच म्हणाली, "तूच आयकून घे ना बाई. तू शिकलेली हायेस." मी मॅडमला तसंच सांगितलं. मॅडम हसल्या. "आई लाजाळू दिसते." मी म्हटलं, गावात विचारा कोण लाजाळू आहे ते!

२ जुलै

ओठ फाटून राहिले आहेत. ओठांची क्रीम, पुन्हा ओठांची क्रीम. आई दुधावरची साय माझ्यासाठी वेगळी काढते, गोळीसोबत खायला. आधी त्या सायीचं तूप व्हायचं आणि ते बाबांच्या वरणात जायचं. बाबा नुसतं वरणाकडे पाहतात.

सरपंच जागेवर.

१६ जुलै

धानाच्या लावणीचा रोवणा सुरू झाला. मला ऊन नको म्हणून मी बांधीच्या कडेला, झाडाखाली, तोंड झाकून पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या पुरवत होते. आज एक मजा झाली. आईच्या पातीतली रोपं सुटून पाण्यावर तरंगत होती. आईच्या! जिच्या रोवण्याची रांग पाहून दुसऱ्यांनी आपली रांग सरळ करावी. रीना, माझी चुलत वहिनी, म्हणाली, "काहून काकी, आज रोवून राहिली का पेरून राहिली?" सगळ्या हसल्या, मीही हसले.

नंतर मी पाहिलं, आईच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वाकलेलीच राहतात. मुठीत लाडू लपवलेल्या पोरीसारखं. मी म्हटलं, "दाखव आई, काय लपवलं?" ती म्हणाली, "वात हाय. चिखलानं बोटं आखडले." तिने दुसऱ्या हाताने ती बोटं सरळ केली, सोडली, की परत आत.

येताना तिची डावी चप्पल रस्त्यात निघून पडली आणि ती तशीच चालत राहिली. मी मागून चप्पल उचलून आणली आणि घरी येईपर्यंत तिला दिलीच नाही. तिला पत्ताच नाही! पायात काटा भरलेला निघाला. इतकं हसले मी, की ओठ फाटून रक्त आलं.

२३ ऑगस्ट

आज मी आईशी बोलणार नाही.

आरोग्य खात्याच्या आशाताई बेबीबाई सर्व्हेला आल्या होत्या. घरोघरी विचारत होत्या, अंगावर फिक्कट चट्टा आहे का, कुठं बधिर लागतं का, हातापायाला मुंग्या येतात का. बाबांनी सदरा काढून पाठ दाखवली. आईची पाळी आली तेव्हा तिने पदर घट्ट ओढला आणि म्हणाली, "मले काय पाहता बेबीबाई! माह्या पोरीच्या तोंडाकडे पाहा, सारा सर्व्हे तठीच होऊन जाईल."

बेबीबाई हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. मला बॅटरी मारून पाहिलं. "हे तर मुहासे हायेत, औषध चालू हाय ना?" म्हणून कागदावर काहीतरी टिकमार्क करून गेल्या. सख्ख्या आईने माझं तोंड असं पुढे केलं. तेही चहा करायचा त्रास वाचवायला! बेबीबाई बसल्या असत्या तर चहा करावा लागला असता ना.

२५ ऑगस्ट

आई दोन दिवस माझ्या मागे मागे आहे. सायीत साखर घालून दिली. मी खाल्ली, पण बोलले नाही.

२४ सप्टेंबर

सरपंच गेला! एक दिवस सकाळी हात लावला तर सपाट. खड्डा आहे, डाग आहे, पण गाठ नाही. महिनाभरात एकही नवीन नाही. मॅडमने फोटो काढला आणि पहिल्या दिवसाचा फोटो शेजारी ठेवला. मला रडू आलं. धावत बाहेर बाकड्यावर गेले. आई माझ्याकडे पाहत राहिली, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "चल ना आत, मॅडमला भेट तरी." ती म्हणाली, "पुढच्या टायमाले."

१३ ऑक्टोबर

आईला सहा गावांतून लंबी रोटीची बोलावणी येतात. ह्या वर्षी सगळ्यांना नाही म्हणते. "माही रोटी आता तुटते." मान मोठा झाला की माणसं अशीच भाव खातात, असं मी बाबांना म्हटलं.

आज मात्र तिने मला चुलीपुढे बसवलं. "शिक. सासरी कामी पडंल." कणीक माझ्या हातावर येईना, नाकापर्यंत उडाली. शेवटी एक कशीबशी मडक्यावर टाकली आणि काढताना चार बोटं चरचरली. मी किंचाळले. आईने माझा हात ओढून पाण्यात बुडवला. मग विचारलं, "भाजलं?"

"भाजलं नाही तर काय! आग होऊन राहिली."

"चारही बोटाले होऊन राहिली?"

"हो ना!"

"बरं हाय," आई म्हणाली. "बरं हाय बाप्पा."

लेकीचा हात पोळला आणि आई म्हणते बरं आहे. वर माझं एकेक बोट दाबून पाहत होती. ह्या घरात मला माया लावणारं कोणी आहे का?

१० नोव्हेंबर

आज गावच्या मंडईची जत्रा होती. दिवाळीनंतर पाहुण्यांनी गाव भरतं आणि मंडईच्या निमित्ताने सोयरिकी जमतात. चिखल्याहून भुपेंद्र आणि त्याची आई सुमनबाई आले. तो तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला आहे. मी तोंड झाकलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसांसमोर उघड्या तोंडाने बसले. खड्डे दिसत होते, ते मीच सांगून टाकलं, गोळ्यांचंही सांगितलं. भुपेंद्र म्हणाला, "मी खाणीतून निघतो तवा माहंच तोंड पाहाजा, मंग बोला." मला आवडला.

एकच गोष्ट खटकली. सुमनबाईंना निघताना कुंकू लावायचं, तर आई पुढेच येईना. कुंकू अनामिकेनेच लावतात, हे काय तिला सांगायला हवं? करंडा हातात घेऊन उभी राहिली, मग रीनावहिनीच्या हातात देत म्हणाली, "तू लाव बाई, मी धुणं करून आली, हात ओले हायेत." कुठलं धुणं! सुमनबाईंचा चेहरा जरा उतरला. ते गेल्यावर मी बोलले तिला. फार बोलले. आई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत राहिली.

२२ डिसेंबर

होकार आला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, २० फेब्रुवारीला. लग्न गोळ्या संपल्यावर, एप्रिलच्या शेवटी. आई देवाजवळ इतका वेळ डोकं टेकवून होती की बाबांनी हाक मारली.

३ फेब्रुवारी २०२५

आज काय झालं ते मला जसंच्या तसं लिहायचं आहे.

गोळ्या बंद करायचा दिवस होता. मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, "आज तुझ्या आईचं अभिनंदन मीच करते," आणि उठून बाहेर बाकड्याजवळ आल्या. आईला उठून जायला वेळ मिळाला नाही. मॅडमने मोबाइलवरचे दोन फोटो तिच्यापुढे धरले. आईने मोबाइल घेतला तो पदरातून. तो निसटला. पकडायला तिने हात पुढे केला आणि पदर बाजूला झाला.

मॅडम फोटोबद्दल बोलत होत्या त्या थांबल्या. त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला आणि "आत या" एवढंच म्हणाल्या.

आत गेल्यावर कोपराच्या मागच्या बाजूला दोन चट्टे निघाले. फिक्कट. आईने नऊ महिने ते पदराखाली ठेवले होते. मॅडमने तिचं कोपर चाचपलं. मग म्हणाल्या, "डोळे मिटा. मी शिवलं की सांगा." पेनाचं टोक त्यांनी करंगळीवर टेकवलं. मग शेजारच्या बोटावर. मग तळहाताच्या कडेवर, जिथे जुन्या फोडाचा डाग आहे. आई डोळे मिटून शहाण्या पोरीसारखी बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "सुरू करा ना मॅडम."

मी तोंडात ओढणी कोंबली.

मॅडम म्हणाल्या, हा कुष्ठरोग आहे, बरा होतो. वर्षभर गोळ्या, सरकारी, फुकट. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. एका घरात राहायला, एका ताटात जेवायला काही हरकत नाही. पण बोटांची नस दबली आहे. "बोटं कधीपासून वाकली?"

आई म्हणाली, "दिवाळीपासून. आत्ताचंच हाय."

मॅडमचा चेहरा जरा खुलला. "मग वेळ आहे. सहा महिन्यांच्या आत असेल तर औषधाने ताकद बरीच परत येऊ शकते. नक्की दिवाळीच ना?"

आई माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मला आठवलं, वही माझ्या पिशवीत आहे. दरवेळी असते. मी पानं उलटली. १६ जुलै. मुठीत लाडू लपवलेल्या पोरीसारखं. माझ्याच अक्षरात. त्याच्या आधी २१ मे, फोड. चप्पल, सर्व्हे, मडकं, कुंकू, सगळं मी तारीख घालून लिहून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाखाली एकेक विनोद किंवा एकेक रुसवा. मी वही मॅडमसमोर ठेवली. त्यांनी वाचली. वाचताना एकदाही मान वर केली नाही.

मग म्हणाल्या, "औषध देऊ. व्यायाम, पट्टी, सगळं करू. आणखी बिघडू देणार नाही. पण ही दोन बोटं पूर्वीसारखी होतील असं मी खोटं सांगणार नाही."

बस स्टँडवर आई म्हणाली, "तुह्या मॅडमच्या पाटीवर लिहिलं होतं ना, कुष्ठरोग. मले भेव वाटे का मी आत आली तर मॅडम मले दारातूनच वळखंल. मंग तुही सोयरीक कोन करंल? तुहं तोंड बरं झालं, तुहं लग्न झालं, का मंग दाखवतो म्हणत होती." थोड्या वेळाने म्हणाली, "वहीत काहून लिहिलं वं थे?"

म्हणजे नऊ महिने दर महिन्याला मी तिला त्याच डॉक्टरच्या दारापर्यंत नेलं आणि बाहेर बसवलं. दार सात पावलांवर होतं. मी आज मोजली.

४ फेब्रुवारी

आई म्हणते, एप्रिलपर्यंत कोणाला सांगायचं नाही. गोळ्याही लग्नानंतर घेईन म्हणते. मी म्हटलं, "तू आज गोळी घेतली नाही तर मी साक्षगंधाला बसत नाही." बेबीबाईंना मीच बोलावून आणलं. गोळी आमच्यासमोर दिली. बेबीबाई रडल्या. "मी सर्व्हेले आली होती ना शकुबाई, तवा एक डाव हात दाखवला असता." मग त्यांनी बाबांना आणि मलाही तपासलं. आम्हाला काही नाही. त्या माझी बोटं दाबत होत्या तेव्हा मला ते "बरं हाय बाप्पा" आठवलं. त्या दिवशी मी लिहिलं होतं, मला माया लावणारं कोणी आहे का.

८ फेब्रुवारी

भुपेंद्रला फोन करून सगळं सांगितलं. आईला न विचारता. लपवून लग्न केलं असतं तर आईला कधी माझ्या घरी मोकळेपणी येता आलं नसतं, पदर सावरतच राहावं लागलं असतं. त्याने "बरं होते ना थे?" एवढं विचारलं. मी म्हटलं, होतं. म्हणाला, "घरी बोलून सांगतो."

१५ फेब्रुवारी

सुमनबाईंचा निरोप बाबांकडे आला. सध्या थांबू, म्हणतात. भुपेंद्रचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.

मला वाटलं होतं मी रडणार नाही. खोटं. दिवसभर रडले. तोंड बरं झालं ते कोणासाठी, असंही मनात येऊन गेलं. लिहायची लाज वाटते, पण ह्या वहीत आता काही गाळायचं नाही असं ठरवलं आहे.

२० फेब्रुवारी

आज साक्षगंध असतं.

आईच्या हाताचे नियम मॅडमने लिहून दिले आहेत. कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवायचा, घासायचा नाही, मऊ फडक्याने टिपायचा, ओल असतानाच तेल लावायचं. फोड आला तर फोडायचा नाही. गरम भांड्याला कापड. रोज नीट पाहायचं, कारण दुखून सांगणार नाही. वाचताना हसू आलं आणि पुढचं दिसेनासं झालं. बरेचसे तर माझ्या तोंडाचेच नियम.

अंगणात उन्हात तिला बसवलं. तेल लावून एकेक बोट सरळ केलं, सोडलं, परत केलं. आई म्हणाली, "माह्यामुळं मोडलं ना वं?" मी म्हटलं, "तू गप राह्य." ती मग म्हणाली, "तुहं तोंड पाहू दे इकडं."

मी तोंड पुढे केलं. तिने वाकलेल्या बोटांची पाठ माझ्या गालावरून फिरवली, कानापासून हनुवटीपर्यंत. जिथे सरपंच होता तिथे थांबली. परत फिरवली.

"चिकनं झालं का वं? मले समजत नाही."

मग ती पुढे वाकली आणि तिने आपला गाल माझ्या गालाला लावला. "हां," आई म्हणाली. "आता समजलं."

आजची नोंद: हातावर नवीन फोड नाही. डाव्या टाचेला काटा होता, मी काढला.